खोलीतील चित्रीकरण आणि छोटा कॅमकॉर्डर

तुटवडा प्रकाशाचा

भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो; संध्याकाळी एका ट्यूबलाइटच्या दिवाणखान्यात तो १०० लक्सच्या आसपास उरतो. डोळा जुळवून घेतो, त्यामुळे हजारपटीचा हा फरक फारसा जाणवत नाही. घरगुती कॅमकॉर्डरला ती सवलत नाही. त्यातील ‘पाव इंची’ म्हणवल्या जाणाऱ्या संवेदकाचा कर्ण सुमारे ४ मिलिमीटर, म्हणजे बासमतीच्या दाण्याहूनही आखूड. खोलीतील चित्रीकरणाच्या बहुतेक तक्रारी या तुटवड्यातून उद्भवतात.

गेन

प्रकाश कमी पडला की स्वयंचलित यंत्रणा आधी भिंगाचे छिद्र पूर्ण उघडते, मग संवेदकाकडून आलेला संकेत वाढवते. या वाढीला गेन म्हणतात. दर ६ डेसिबलला संकेत दुप्पट होतो. १८ डेसिबलला आठपट. मात्र संकेताबरोबर त्यातील गोंगाटही वाढतो. काळ्या कोटावर किंवा केसांत रवा सांडल्यासारखे वळवळणारे कण दिसतात, ते याचेच. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. चित्रफीत साठवताना कॅमेरा फक्त बदललेला भाग तपशिलाने नोंदवतो. हे कण दर चौकटीत बदलत असल्याने त्यांनाही तो हालचाल समजतो. साठवणीचा वाटा कण खातात आणि पैठणीचा काठ पुसट होतो. ज्या कॅमेऱ्यात गेनला मर्यादा घालता येते, तेथे किंचित काळोखे पण स्वच्छ चित्र घेणे बहुधा श्रेयस्कर.

शटर आणि लुकलुक

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. १/५० सेकंदाच्या शटरमध्ये असे बरोबर दोन ठोके मावतात आणि चित्र स्थिर राहते. अमेरिकेतील नातलगाने आणलेला कॅमकॉर्डर तेथील ६० हर्ट्झसाठी बनलेला असतो. त्याच्या १/६० शटरला प्रत्येक वेळी प्रकाशाचा वेगळा वाटा मिळतो आणि चित्र लुकलुकते. शटर १/१०० केल्यास दर वेळी एकच पूर्ण ठोका सापडतो. लुकलुक थांबते, पण सुमारे ४० टक्के प्रकाश गमवावा लागतो.

झूम

भिंगाचा छिद्रांक रुंद टोकाला १.८ आणि पूर्ण झूमला ३.५ असेल, तर झूम करताच प्रकाश साधारण चतुर्थांशावर येतो. कोपऱ्यातील खुर्चीवर बसून झूम करण्यापेक्षा उठून चार पावले पुढे जाणे म्हणूनच फायद्याचे.

दिवा आणि अंतर

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्रकाश वाढवणे. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले तर त्याचा प्रकाश चौपट होतो. मात्र उघडा दिवा थेट चेहऱ्यावर रोखला की कपाळ चकाकते आणि भिंतीवर गडद सावली पडते. तोच दिवा पांढऱ्या छताकडे वळवला, तर परावर्तित प्रकाश मऊ पसरतो. तीव्रता घटते, पण चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. दिवसा खिडकी हा उत्तम दिवा ठरतो, फक्त ती कॅमेऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला हवी. व्यक्ती खिडकीपुढे उभी राहिली की यंत्रणा उजेडाला सांभाळते आणि माणूस काळी आकृती होतो.

रंग

पिवळ्या बल्बचे रंगतापमान २,७०० केल्विनच्या आसपास, दिवसाच्या उजेडाचे ५,५०० च्या वर. व्हाइट बॅलन्स पांढऱ्या कागदावर जुळवता येतो, पण एका वेळी एकाच प्रकाशासाठी. खिडकी आणि बल्ब एकत्र असले की अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा. त्यापेक्षा पडदा ओढावा किंवा बल्ब मालवावा.

आवाज

अंगचा मायक्रोफोन शांततेत आपोआप संवेदनशीलता वाढवतो. दोन वाक्यांमधल्या विरामात पंख्याची घरघर वर येते. पंखा बंद करणे हा सोपा इलाज, पण मे महिन्यातल्या साखरपुड्यात तो कोणी मानत नाही. अशा वेळी बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा मायक्रोफोन उपयोगी पडतो, मात्र पुष्कळ छोट्या कॅमकॉर्डरना तो जोडायचे छिद्रच नसते.