एजंट जोडला, मग बिल का उतरलं नाही?

ऐरोलीच्या माइंडस्पेसपासून महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कपर्यंत हल्ली आयटी विभागाच्या कुठल्याही बैठकीत जा, एक वाक्य हमखास कानावर येतं: "आता एआय एजंट जोडतोय ना, क्लाउडचं बिल आपोआप खाली येईल." बोलणारा बहुधा फायनान्सचा असतो, नाहीतर नुकताच डेमो बघून आलेला असतो. डेमोत सगळं छानच दिसतं. 'गेल्या महिन्यात पैसे कुठे वाया गेले?' असं साध्या भाषेत विचारायचं, की काही सेकंदांत तक्ता हजर. तक्ता खराही असतो. पण तक्ता आणि बचत यांच्यामध्ये जे पडलंय, ते डेमोत कुणी दाखवत नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात जिथे रसायनांचे कारखाने होते, तिथे आता डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. पनवेलला योट्टाचं एनएम१ २०२० मध्ये सुरू झालं, ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई रिजन २०१६ पासून चालू आहे. त्यामुळे इथल्या मध्यम आकाराच्या कंपनीकडे बहुधा दोन्ही असतं: कुणाच्या तरी डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेली स्वतःची रॅक आणि शिवाय दोन-तीन क्लाउड खाती. लॅपटॉप, लायसन, सर्व्हर आणि क्लाउडचं बिल हे सगळं एका जागी दिसावं म्हणून ॲसेट आणि खर्च सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतात. एजंट जोडायचा तो याच सॉफ्टवेअरला.

आता नीट बघा. एजंटला तुमचे सर्व्हर दिसत नाहीत. या सॉफ्टवेअरने आधी गोळा करून ठेवलेली माहिती तेवढी दिसते. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा मॉडेलच्या हाती ठरावीक 'टूल्स'ची यादी असते: खर्च काढ, मशीनची यादी आण, लायसन मोज. त्यातलं एक मॉडेल निवडतं, तारखा आणि खात्याचा क्रमांक भरतं. मधला सर्व्हर तुमचं टोकन दाखवून एपीआयला विचारतो, आलेला मजकूर मॉडेल वाचतं आणि सारांश सांगतं. ही जोडणी आता बऱ्याच ठिकाणी एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, या पद्धतीने होते. अँथ्रॉपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. या सगळ्या प्रवासात एका रुपयाचीही बचत कुठे झाली, सांगा. झाली ती विचारपूस.

त्यातही एपीआय बहुधा उत्तर पानापानांनी देतो. पहिलं पान वाचून एजंटने बेरीज सांगितली, तर ती पहिल्या पानाची बेरीज. ती इतक्या आत्मविश्वासाने सांगितलेली असते की कुणी तपासायला जात नाही. बेरीज डेटाबेसकडूनच करून घ्यावी आणि मॉडेलने ती फक्त वाचून दाखवावी, एवढी शिस्त जोडणाऱ्याने पाळली तर निम्मे घोटाळे टळतात.

बरं, धरून चालू की आकडे बरोबर आहेत. एजंट म्हणतो, 'ही मशीन रिकामी पडून आहे, बंद करा.' हे त्याने कशावरून ठरवलं? ॲमेझॉनच्याच ट्रस्टेड ॲडव्हायझर या सल्ला देणाऱ्या साधनाचा निकष त्यांच्या दस्तऐवजात लिहिलेला आहे: मागच्या १४ दिवसांपैकी चार किंवा अधिक दिवस सीपीयू १० टक्के किंवा त्याहून कमी आणि नेटवर्क ५ एमबी किंवा त्याहून कमी असेल, तर मशीन कमी वापराची. आता हिशेब विभागाची मशीन घ्या. दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची, जीएसटीआर-३बी ची २० तारखेची. समजा ही मशीन ८ ते २० तारखेपर्यंत राबते आणि २१ ला आडवी होते. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला एजंटला विचारलंत, तर मागचे चौदाच्या चौदा दिवस शांतता. एजंट म्हणणार, बंद करा. बंद केलीत तर तीन दिवसांनी हिशेब विभाग तुमच्या टेबलाशी उभा.

यात मॉडेल बिनडोक आहे असं काही नाही. त्याला कुणी जीएसटीचं वेळापत्रक दिलंच नव्हतं. मेमरीचंही तेच. ॲमेझॉनच्या व्हर्च्युअल मशीनच्या मूळ मोजणीत मेमरीचा वापर येतच नाही, त्यासाठी मशीनवर वेगळा क्लाउडवॉच एजंट बसवावा लागतो. (हा एजंट वेगळा, एआयचा त्याच्याशी संबंध नाही, नावांची टंचाई आहे.) तो बसवलेला नसेल, तर सगळा डेटा मेमरीत धरून बसलेली डेटाबेसची मशीन सीपीयूच्या आकड्यावरून झोपलेलीच दिसणार.

पुढची अडचण याहून जुनी आहे. ॲसेट रजिस्टरमधली एक ओळ डोळ्यांसमोर आणा. मशीनचं नाव 'टेस्ट-०३-न्यू-फायनल'. कॉस्ट सेंटर रिकामं. ओनरच्या रकान्यात दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिलेल्या माणसाचा ईमेल. एजंट त्या पत्त्यावर अतिशय सभ्य इंग्रजीत पत्र लिहील आणि ते पत्र परत येईल. मग कुणीतरी फोन उचलतो. "अहो, ही टेस्ट-०३ तुमची का?" "छे हो, क्यूएवाल्यांची असेल." क्यूएवाले म्हणतात, इन्फ्राला विचारा. इन्फ्रावाले म्हणतात, आम्ही फक्त उभी करून दिली. मशीन चालूच राहते, कारण ती बंद करून फसण्यापेक्षा चालू ठेवून पैसे भरणं प्रत्येकाला सोयीचं वाटतं. हा तिढा टॅगिंगचा आणि जबाबदारीचा आहे. एजंट तो जास्त वेगाने उघडा पाडतो, सोडवत नाही.

आणि समजा मालक सापडला, मशीन बंदही झाली. तरी बिल उतरेलच असं नाही. एक किंवा तीन वर्षांचा सेव्हिंग्ज प्लॅन घेतला असेल, तर तासाला ठरलेली रक्कम तुम्ही वापर असो-नसो भरताच. त्या प्लॅनच्या छत्राखालची मशीन बंद केली आणि तिची जागा दुसऱ्या कुठल्या वापराने घेतली नाही, तर बचत शून्य. एजंटने मात्र मूळ यादीतल्या दराने गुणाकार करून 'महिन्याला इतके डॉलर वाचतील' असं सांगितलेलं असतं. सांगताना त्याने प्लॅनची माहिती देणारं टूल वापरलं होतं का, हे विचारा. तसं टूल त्याला दिलेलंच नसतं, असंही आढळतं.

याच संदर्भात २७ टक्क्यांचा आकडा फेकला जातो. 'क्लाउडवरचा २७ टक्के खर्च वाया जातो, एजंट तो वाचवेल.' आकडा फ्लेक्सेरा या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीतला आहे, खोटा नाही. पण आपल्या संस्थेत किती खर्च वाया जात असावा, याचा उत्तर देणाऱ्यांनी स्वतः केलेला तो अंदाज आहे. कुणी मीटर लावून मोजलेली गळती नव्हे, आणि कुणी वाचवून दाखवलेली रक्कम तर नव्हेच. विक्रीच्या स्लाइडवर येईपर्यंत अंदाजाचं आश्वासन होतं.

'मग त्याला सरळ ॲडमिन की देऊ, स्वतःच बंद करेल.' नको. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एआय एजंटने, बदल करू नका असं स्पष्ट बजावलेलं असताना, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला आणि कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या २०२५ च्या एआय धोक्यांच्या यादीत 'एजंटला गरजेपेक्षा जास्त अधिकार देणं' हा स्वतंत्र धोका म्हणून नोंदवलेला आहे. एजंटने शिफारस करावी, तिकीट उघडावं, बंद करण्याचं बटण माणसाने दाबावं. यात वेळ जातो, हे मान्य. जाऊ दे.

'रीड-ओन्ली टोकन दिलं म्हणजे निर्धास्त.' अर्धसत्य. टॅग आणि वर्णनाचे रकाने कुणीही भरू शकतं. त्यात एजंटला उद्देशून सूचना लिहिली, तर एजंट ती डेटा न समजता हुकूम समजू शकतो. वाचायचाच अधिकार असलेला एजंट वाचलेलं चुकीच्या जागी पाठवू शकतो.

बैठकीतली बाकीची वाक्यंही अशीच तपासू. 'सर्व्हर मुंबई रिजनमध्ये आहेत, म्हणजे डेटा इथेच.' सर्व्हर इथे असतील. मॉडेल कुठे चालतं ते करारात बघा. लॅपटॉपच्या यादीत कर्मचाऱ्याचं नाव, ईमेल आणि विभाग असतो, म्हणजे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण (डीपीडीपी) कायद्याच्या भाषेत वैयक्तिक डेटा.

'एजंट आत्ताचा खर्च सांगतो.' ॲमेझॉनचा कॉस्ट एक्सप्लोरर दर २४ तासांतून किमान एकदा ताजा होतो. सकाळी चुकून उभ्या केलेल्या मशीनचा खर्च त्यात दुपारी दिसेलच असं नाही.

'मशीन थांबवली की मीटर थांबलं.' डिस्कचं भाडं चालूच राहतं. तिच्यासाठी राखून ठेवलेल्या पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे महिन्याला साधारण ३.६५ डॉलर.

'लायसनचा हिशेब तरी एजंट करेलच.' ओरॅकलचं उदाहरण पुरे. स्वतःच्या सर्व्हरवर कोअरची संख्या प्रोसेसरच्या प्रकारानुसार ठरणाऱ्या कोअर फॅक्टरने गुणायची, ॲमेझॉनवर हायपरथ्रेडिंग चालू असेल तर दोन व्हीसीपीयूंना एक प्रोसेसर लायसन धरायचं आणि कोअर फॅक्टर लावायचा नाही. एजंटने आठ व्हीसीपीयूंचे चार करून त्यावर पुन्हा ०.५ चा फॅक्टर लावला, की उत्तर येतं दोन. ऑडिटवाला येतो तेव्हा चार मोजतो.

'विचारायला काय पैसे पडतात?' पडतात. कॉस्ट एक्सप्लोररच्या एपीआयला दर विनंतीमागे ०.०१ डॉलर लागतो. दर तासाला जागा होणारा एजंट प्रत्येक वेळी ५० विनंत्या करत असेल, तर ३० दिवसांत ३६,००० विनंत्या, ३६० डॉलर. मॉडेल वापरण्याचा खर्च वेगळा.

'काही झालंच तर लॉगमध्ये सापडेल.' केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि ठरावीक सायबर घटना सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात. पण सगळ्या विभागांचे प्रश्न एकाच सामाईक टोकनने जात असतील, तर लॉगमध्ये त्या टोकनचं नाव सापडतं, विचारणाऱ्याचं नाही. जोडणी करताना प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन पुढे जाईल अशी सोय करता येते. तिला दोन दिवस जास्त लागतात, म्हणून ती सहसा 'फेज टू'मध्ये ढकललेली असते.