विश्लेषण : संवाद न लिहिता नाटक कसे रंगते? इटलीतील मुखवटानाट्य आज कसे शिकवले जाते?

इटलीच्या ‘कॉमेदिया देल्लार्ते’ या नाट्यप्रकारात नटाच्या हाती लिखित संवाद नसतात. मग नट शिकतात काय? आणि मध्यंतरी खंडित झालेली ही परंपरा आज कशाच्या आधारे शिकवली जाते?

हा नाट्यप्रकार काय आहे?
पादुआ येथे २५ फेब्रुवारी १५४५ रोजी आठ नटांनी नाटक मंडळीसाठी लेखी करार केला. अशा ज्ञात करारांत तो सर्वात जुना मानला जातो. नावातील ‘आर्ते’ म्हणजे व्यवसाय, कसब. कंजूष व्यापारी पांतालोने, पोकळ विद्वत्ता मिरवणारा दोत्तोरे, खादाड नोकर आर्लेकिनो ही यातील ठरलेली पात्रे. प्रेमी युगुल मात्र मुखवट्याविना वावरते.

ऐनवेळी संवाद सुचतात कसे?
नटांना कथानकाचा केवळ आराखडा दिला जाई. फ्लामिनिओ स्काला यांनी १६११ मध्ये असे ५० आराखडे छापले. त्यात कोण कधी येतो, काय घडते एवढेच असते. नट बहुधा आयुष्यभर एकच पात्र करत. त्या पात्राला शोभणारी भाषणे, कोट्या आणि ‘लात्सी’ म्हणजे घोटून बसवलेले विनोदी प्रसंग त्यांच्याकडे तयार असत. उत्स्फूर्ततेमागे अशी मोठी पाठांतराची शिदोरी होती.

मुखवट्यामुळे काय बदलते?
अर्ध्या मुखवट्यामुळे तोंड मोकळे राहते, पण भुवया व कपाळ झाकले जाते. त्यामुळे राग, भूक, भीती मान, कंबर आणि चालीतून दाखवावी लागते. नुसती नजर वळवून भागत नाही, पूर्ण डोके वळवावे लागते. म्हणूनच प्रशिक्षणात शरीरावर मोठा भर असतो.

परंपरा का खंडित झाली?
अठराव्या शतकात कार्लो गोल्दोनी यांनी लिखित संहितेचा आग्रह धरला. ‘दोन मालकांचा नोकर’ या नाटकात त्यांनी आधी नटाला बरीच मोकळीक दिली होती, पुढे संवाद लिहून काढले. हळूहळू जुन्या मंडळ्या ओसरल्या.

पुनरुज्जीवन कसे झाले?
गंमत म्हणजे, याच नाटकाने परंपरेला पुन्हा उभे केले. १९४७ मध्ये जॉर्जिओ स्ट्रेलर यांनी मिलानच्या ‘पिक्कोलो तेआत्रो’मध्ये ते रंगवले. आर्लेकिनो साकारणारे मार्चेल्लो मोरेत्ती सुरुवातीला मुखवट्याऐवजी चेहराच रंगवत. पुढे शिल्पकार आम्लेतो सार्तोरी यांनी लाकडी साच्यावर ओले चामडे ठोकून मुखवटे घडवण्याचे विस्मृतीत गेलेले तंत्र नव्याने शोधले. पादुआत त्यांच्यासोबत काम केलेल्या जाक लकोक यांनी १९५६ मध्ये पॅरिसला नाट्यशाळा काढली. तिथे मुखवटा प्रशिक्षणाचे साधन झाला.

आज शिकणाऱ्यांपुढे पेच कोणता?
जुने आराखडे आणि चित्रे आहेत, पण त्या नटांची चाल किंवा आवाज कुणी पाहिला-ऐकलेला नाही. त्यामुळे ‘अस्सल’ म्हणून शिकवली जाणारी अनेक तंत्रे प्रत्यक्षात विसाव्या शतकातील पुनर्रचना आहेत. जुन्या चित्रातील नटाची नक्कल करावी, की त्याच्याप्रमाणे समोरच्या प्रेक्षकाला आजच्या गोष्टीवर हसवावे? प्रत्येक मंडळीला याचे उत्तर स्वतःच शोधावे लागते.