पलायन वर्तन

पलायन वर्तन म्हणजे भक्षकाची किंवा अन्य धोक्याची चाहूल लागल्यावर प्राण्याने जीव वाचवण्यासाठी केलेली हालचाल. पळण्याची दिशा केवळ धोका कोठून येतो यावर ठरत नाही. आसरा कोठे आहे, तो किती दूर आहे आणि तेथवर पोहोचण्यास वेळ पुरेल का, यांवरही ती अवलंबून असते. रत्नागिरी जिल्ह्यातील पुळणींवर आणि खाड्यांच्या चिखलात राहणारे खेकडे हे याचे ठळक उदाहरण होय.

पळण्याची वेळ

भक्षक दिसताच प्राणी पळतोच असे नाही. पळण्यात ऊर्जा खर्च होते आणि चरणे किंवा जोडीदाराचा शोध अर्धवट राहतो. धोका किती जवळ आल्यावर प्राणी पळू लागतो, त्या अंतरास पलायन अंतर म्हणतात. ही संकल्पना स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी मांडली. रॉन यडेनबर्ग व लॉरेन्स डिल यांच्या १९८६ मधील प्रतिमानानुसार, थांबून राहण्यातील जोखीम पळण्याच्या किमतीपेक्षा अधिक झाली की प्राणी पळतो.

दिशेची निवड

आसरा जवळ नसेल, तर धोक्यापासून दूर जाणे हा सर्वसाधारण नियम आहे. अनेक माशांमध्ये मॉथनर नावाच्या मोठ्या चेतापेशी क्षणार्धात शरीर वाकवून मासा धोक्याच्या विरुद्ध बाजूस वळवतात. झुरळाला हवेच्या झोताने हल्ल्याची दिशा कळते. तथापि ते दर वेळी नेमके उलट दिशेने पळत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झुरळे धोक्याच्या दिशेपासून सुमारे ९०, १२०, १५० आणि १८० अंशांच्या मार्गांपैकी एखादा निवडतात, असे आढळले. त्यामुळे पुढची हालचाल ओळखणे भक्षकाला अवघड जाते.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खेकडे

भाट्ये येथे काजळी नदी समुद्राला मिळते. अशा मुखांजवळच्या वाळूत ओसिपोडे प्रजातीचे चपळ खेकडे, तर आतल्या बाजूस कांदळवनालगतच्या चिखलात फिडलर खेकडे बिळे करून राहतात. बगळे आणि ब्राह्मणी घारी त्यांच्यावर टपलेल्या असतात.

फिडलर खेकड्याचे डोळे जमिनीपासून फार उंच नसल्याने बिळाचे तोंड थोड्याच अंतरावरून दिसेनासे होते. तरीही धोका जाणवताच तो थेट बिळाकडे धावतो. चरताना टाकलेल्या पावलांवरून तो बिळाची दिशा आणि अंतर सतत स्मरणात ठेवतो. या क्षमतेस मार्गसंकलन म्हणतात. तो बहुधा शरीराची एक बाजू बिळाकडे ठेवूनच चरतो, कारण त्याला आडवे धावायचे असते. प्रयोगात खेकड्याला नकळत बाजूला सरकवले असता तो खऱ्या बिळाकडे न जाता, हिशेबानुसार बीळ जेथे असायला हवे तेथे जाऊन शोधू लागतो.

म्हणूनच धोका बिळाच्या बाजूने येत असला, तरी हे खेकडे अनेकदा त्याच बाजूला धावतात. बिळापासून दूर गेलेला खेकडा जवळच्या खेकड्यापेक्षा लवकर पळू लागतो.

कासवांची पिल्ले

मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संवर्धनाचे काम सुरू केले. घरट्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांना समुद्र पूर्वी पाहिलेला नसतो. खेकडे, पक्षी आणि कुत्री यांच्यापासून वाचण्यासाठी ती उजळ, खालच्या क्षितिजाकडे निघतात आणि झाडीच्या उंच, काळ्या आकृतीपासून दूर जातात.

मानवी हस्तक्षेप

दिशा ठरवण्याचे हे नियम परिसर पूर्वीसारखाच राहील या गृहीतकावर चालतात. किनाऱ्यालगत विजेचे दिवे लागले की पिल्लांना जमिनीची बाजू उजळ दिसते. ती समुद्राऐवजी वस्तीकडे वळतात आणि थकून, वाळून किंवा भक्ष्य होऊन मरतात. पुळणीवर वाहने फिरली की बिळांची तोंडे बुजतात. अशा वेळी खेकडा अचूक ठिकाणी पोहोचला, तरी तेथे आसरा नसतो. वाहनांची वर्दळ असलेल्या पुळणींवर ओसिपोडे खेकड्यांची संख्या कमी आढळते, असे ऑस्ट्रेलियासह अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यामुळे किनारी संवर्धनात प्राण्यांबरोबरच त्यांचे आसरे आणि तेथवर जाण्याचे मार्ग राखणेही आवश्यक ठरते.