धन्यासच बंद झालेली पेटी

कुलूप अभेद्य असावें आणि किल्ली मात्र धन्याजवळच नसावी, हा केवढा दैवदुर्विलास! युरोपांतील एका गृहस्थानें २०१३ सालीं ४३.६ बिटकॉइन संगणकावरील डिजिटल पेटींत ठेविलीं. वीस अक्षरांचा परवलीचा शब्द त्यानें ‘रोबोफॉर्म’ नामक प्रणालीकडून घडवून घेतला. पण चोरीच्या भयानें तो तिच्यांत सांठविला नाहीं. ज्या गुप्त फाइलींत ठेविला, तीच पुढें बिघडली. बिचाऱ्याला अतिदक्षताच भोंवली! या चलनास पेढी नाहीं कीं खजिनदार नाहीं. अर्ज करावा तरी कोणाकडे?

अमेरिकन तंत्रज्ञ जो ग्रँड आणि त्यांचे जर्मनींतील सहकारी ब्रूनो यांनीं पेटीचा नाद सोडून ती प्रणालीच तपासली. तेव्हां तिच्या जुन्या आवृत्तीचें बिंग फुटलें. तिचीं अक्षरें यदृच्छेनें निघत नसून संगणकाच्या घड्याळावरून ठरत; घड्याळ मागें फिरविलें कीं जुनाच शब्द पुन्हां हजर! परंतु धन्यास दिवस आठवेना. शब्दांत विशेष चिन्हें असावींत हा तर्कही चुकला. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरांत शब्द सांपडला. त्याची जन्मवेळ निघाली १५ मे २०१३, ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणें दुपारीं ४ वाजून १० मिनिटें ४० सेकंद.