लाल माती आणि कोवळे खेळाडू

वैशाख सरता सरता जबलपूरजवळचा तिलवारा घाट दुपारच्या वेळी ओस पडतो. पायऱ्यांचा दगड पावलांना सोसवत नाही आणि माणसे पावसाची वाट पाहत घराच्या आडोशाला बसलेली असतात. नेमक्या याच दिवसांत, दुपारी अडीचच्या सुमारास, सुमारे सात हजार किलोमीटर दूर असलेल्या पॅरिस शहरात सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि रोलाँ गारो या क्रीडांगणावर फ्रेंच टेनिस स्पर्धेच्या दिवसाचे पहिले सामने सुरू होतात. तेथील रात्रीचा सामना पाहायचा, तर इकडच्या माणसाला पावणेबारापर्यंत जागावे लागते. तरीही या दोन आठवड्यांत हिंदुस्थानच्या गावागावांतून असे जागणारे लोक निघतात, आणि जबलपूरची मराठी घरेही त्याला अपवाद नसावीत. हे शहर खेळांना परके नव्हेच. स्नूकर हा खेळ १८७५ साली इथल्याच लष्करी छावणीत जन्मला, असे त्या खेळाच्या इतिहासात सांगितले जाते.

हे जागणे पुष्कळदा एखाद्या नामांकित विजेत्यासाठी नसते. पंधरवड्यापूर्वी ज्याचे नाव कुणी ऐकले नव्हते, असा एखादा कोवळा खेळाडू एकामागून एक सामने जिंकत जातो आणि त्याच्या मागे लोक ओढले जातात. टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी पॅरिसच्या स्पर्धेत हे अधिक रंगते. त्याचे कारण पुष्कळसे तिथल्या जमिनीत आहे.

या जमिनीला माती म्हणतात खरे, परंतु ती वस्तुतः माती नव्हे. जुन्या मराठी गवंड्यांना जी ‘सुरखी’ म्हणून ठाऊक होती, ती भाजलेल्या विटांची पूड मैदानावर पसरलेली असते, आणि तीही जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीची. तिच्याखाली सहा-सात सेंटिमीटर चुनखडीचा चुरा दाबून बसवलेला असतो. त्याच्याही खाली कोळशाची खंगर, खडी आणि पाण्याचा निचरा करणारे दगड. म्हणजे दिसते लाल, पण आधार सारा पांढऱ्याचा. तिलवाऱ्याच्या रहिवाशाला ही जोडी नवलाची वाटू नये. त्याच्या नदीकाठाने थोडे खाली गेले की भेडाघाटचे संगमरवरी कडे लागतात, आणि संगमरवर म्हणजे तरी काय, भूगर्भातील दाबाने व उष्णतेने पालटलेली चुनखडीच. वर सुरखी नि खाली चुनखडी, हे मिश्रण आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतही होते.

मैदानावर विटांची पूड टाकण्याची कल्पना कुणाला सुचली, याविषयी एक कथा सांगतात. १८८० च्या सुमारास विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ हे इंग्रज बंधू फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान येथे खेळत असत. तेथील उन्हाने हिरवळ करपू लागली, तेव्हा त्यांनी जवळच्या व्हालोरी गावातील कुंभारांकडून फुटक्या मडक्यांची पूड आणवून गवतावर अंथरली. आपल्याकडच्या क्लबांनी याच अडचणीवर आपल्या परीने तोड काढली होती. पाणी घालून हिरवळ राखणे परवडत नसे, तेथे माती चोपून, वर शेणाचा हात फिरवून मैदाने तयार होत. अंगण सारवणाऱ्या हातांना ते काम शिकवावे लागले नसणार!

आता या जमिनीवर चेंडूचे काय होते ते पाहावे. हिरवळीवर चेंडू टप्पा पडताच घसरतो, खाली राहतो आणि वेगाने अंगावर येतो. विटांच्या पुडीवर मात्र टप्पा पडताक्षणी तो पकडला जातो. त्याचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि उसळी वाढते. चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी दिली असेल, तर तो खांद्यापर्यंत उडतो. परिणाम असा होतो, की अन्यत्र ज्या फटक्याला उत्तर नसते, त्याला इथे उत्तर मिळते. सहा-साडेसहा फूट उंचीच्या खेळाडूची तोफेसारखी सर्व्हिस पुष्कळशी बोथट होते. पाय घसरवत चेंडूपर्यंत पोहोचण्याची कला ज्याला साधली, दम ज्याचा टिकला आणि दहा फटक्यांनंतर अकरावा मारण्याचा धीर ज्याच्यापाशी आहे, त्याला ही जमीन वेळ देते. तरुण खेळाडूकडे बळ कमी असते. पण पाय असतात, आणि हरण्यासारखे फारसे काही नसते.

१९८२ साली मॅट्स विलांडर हा सतरा वर्षांचा स्वीडिश मुलगा मानांकनाशिवाय पॅरिसला आला आणि स्पर्धा जिंकून गेला. १९८९ साली अमेरिकेच्या मायकेल चँगने तोच पराक्रम केला. त्याचेही वय सतराच. पुरुष एकेरीची मोठी स्पर्धा त्याच्याहून लहान वयात आजवर कुणी जिंकलेली नाही. चौथ्या फेरीत इव्हान लेंडल या त्या वेळच्या अग्रमानांकित खेळाडूविरुद्ध तो पहिले दोन सेट हरला होता. पुढे त्याच्या पायांत पेटके येऊ लागले. बसले तर पुन्हा उठता येणार नाही, या भीतीने विश्रांतीच्या वेळीही तो उभाच राही. पाचव्या सेटमध्ये हात वर नेऊन सर्व्हिस करणे जड झाले, तेव्हा त्याने पोरखेळात करतात तशी खालून सर्व्हिस केली, आणि चकित झालेल्या लेंडलने तो गुण गमावला. चार तास सदतीस मिनिटांनी सामना चँगचा झाला. हिरवळीवर हा सामना दोन तासांत आटोपला असता, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु चाहत्यांचा ध्यास म्हणजे काय, हे पाहायचे तर २०२५ सालाकडे यावे लागते. लोइस बॉयसाँ ही दिजाँ शहरात जन्मलेली फ्रेंच मुलगी. २०२४ साली तिला या स्पर्धेत ‘वाइल्ड कार्ड’ मिळाले होते. क्रमवारीने पात्र नसलेल्या खेळाडूला आयोजक आपल्या अधिकारात जो प्रवेश देतात, त्याला हे नाव आहे. स्पर्धा आठवड्यावर आली असताना तिच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि पुढचे कित्येक महिने मैदान तिच्यासाठी बंद झाले. वर्षाने तिला पुन्हा तोच प्रवेश मिळाला, तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि जागतिक क्रमवारीत ३६१ व्या स्थानावर होती. यापूर्वी ती एकाही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळलेली नव्हती.

पहिल्याच फेरीत तिने चोविसावे मानांकन असलेल्या एलीस मेर्टेन्सला तीन सेटमध्ये हरवले. लोकांनी कौतुक केले आणि ते विसरायला निघाले. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. चौथ्या फेरीत तिसऱ्या मानांकनाची जेसिका पेगुला समोर होती. पहिला सेट गेला, पुढचे दोन्ही ६-४, ६-४ असे बॉयसाँने घेतले. २ जूनच्या त्या दुपारनंतर फ्रान्समध्ये तिचे नाव ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण झाले. या तऱ्हेचा चाहता हळूहळू तयार होतो. पहिल्या दिवशी तो नुसता आकडा पाहतो, दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचे नाव विचारतो, आठवडाअखेर त्याला तिच्या गुडघ्याची काळजी वाटू लागते. लाल मातीवर सामना लांबतो, आघाडी भरवशाची नसते. त्यामुळे पाहणाऱ्यालाही उठून जाण्याची सोय राहत नाही.

उपांत्यपूर्व सामना ४ जूनला मीरा आंद्रेयेवाशी झाला. सुमारे पंधरा हजार प्रेक्षकांचे मुख्य मैदान भरलेले, आणि त्यातले बहुतेक सगळे एकाच बाजूचे. पहिल्या सेटमध्ये रशियन मुलगी आघाडीवर होती. टायब्रेकमध्ये तो बॉयसाँकडे गेला. दुसऱ्यात आंद्रेयेवाने तीन गेम सलग घेतले, आणि त्यानंतर एकही नाही. बॉयसाँने ओळीने सहा गेम जिंकले: ७-६, ६-३. मैदानात कान किटतील असा घोष चालला होता. आंद्रेयेवाच्या चुकांवर टाळ्या पडत होत्या. वैतागाने तिने एक चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि पंचांनी तिला समज दिली.

फ्रेंच वृत्तपत्रांनी या सामन्याला परीकथा म्हटले आणि ते समजण्यासारखे आहे. मात्र त्या दिवशी मैदानावरची कोवळी खेळाडू कोण होती? बॉयसाँ बावीस वर्षांची. आंद्रेयेवाला अठरावे संपून पाच आठवडे झाले होते. तिचे मानांकन सहावे होते एवढ्यावरून ती मोठी ठरली आणि तिच्या वाट्याला पंधरा हजारांचा राग आला. आपल्या माणसावर प्रेम करणारी गर्दी समोरच्याला माणूस समजत नाही, ही तक्रार कुस्तीच्या फडापासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत कुठेही करता येईल. टेनिसमध्ये ती अधिक बोचते, कारण तिथे खेळाडू एकटा असतो. पाठीवर हात ठेवायला दुसरा गडी नसतो.

इथे विलांडरची आठवण येते. १९८२ च्या उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाच्या होसे लुइस क्लर्कविरुद्ध त्याला विजयाचा शेवटचा गुण हवा होता. क्लर्कचा फटका बाहेर गेल्याचे सांगून पंचांनी सामना संपल्याचे जाहीर केले. विलांडरला तो चेंडू रेषेवर पडलेला दिसला होता. त्याने पंचांकडे जाऊन तो गुण पुन्हा खेळवायला लावला, आणि पुन्हा खेळून जिंकला. विटांच्या पुडीवर चेंडूची खूण उमटते, म्हणून पंच खुर्चीवरून उतरून ती पाहू शकतात. पॅरिसला २०२५ सालीही रेषेवर यंत्राऐवजी माणसेच उभी होती. खूण खरे सांगते, पण तिच्याकडे बोट दाखवण्याची इच्छा जिंकणाऱ्याला व्हावी लागते. पंधरा हजार प्रेक्षकांकडून तेवढी अपेक्षा ठेवणे कदाचित अवास्तव असेल. सतरा वर्षांच्या मुलाकडून ठेवणेही अवास्तवच होते.

बॉयसाँची घोडदौड दुसऱ्याच दिवशी थांबली. कोको गॉफने तिला ६-१, ६-२ असे सहज हरवले आणि पुढे स्पर्धाही जिंकली. क्रमवारीत ३६१ वरून ६५ वर येऊनही विम्बल्डनच्या मुख्य फेरीचा प्रवेश बॉयसाँला मिळाला नाही, कारण त्या स्पर्धेच्या याद्या आधीच ठरलेल्या होत्या. तिला पात्रता फेरीत खेळावे लागले आणि हिरवळीवर ती पहिल्याच सामन्यात हरली. गर्दी एव्हाना पांगली होती. उरलेल्या थोड्यांना जुलैत त्याचे फळ मिळाले: जर्मनीत हॅम्बुर्गच्या स्पर्धेत, पुन्हा लाल मातीवर, तिने आपले पहिले मोठे विजेतेपद मिळवले.

त्याच महिन्यात, त्याच जर्मनीत, मराठी माणसाला जागण्याचे कारण मिळाले. मराठी घराशी टेनिसचा संबंध तसा जुना आहे. संस्कृत लेखिका पंडिता क्षमादेवी राव स्वतः टेनिस खेळत, आणि त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९७९ साली मेक्सिकोत भरलेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत पुण्याच्या नंदन बाळ यांनी टेनिसचे रौप्यपदक आणले. त्यानंतर त्या स्पर्धेत टेनिसचे पदक भारताला शेहेचाळीस वर्षे मिळाले नव्हते. जुलै २०२५ मध्ये ही स्पर्धा ऱ्हाइन-रूर प्रदेशात भरली आणि पुण्याचीच वैष्णवी आडकर एकेक फेरी ओलांडत उपांत्य सामन्यापर्यंत गेली.

जर्मनीतील टेनिस क्लबांत लाल माती ही नित्याची गोष्ट. तिकडची मुले तिच्यावरच चालायला शिकतात म्हटले तरी चालेल. आपल्याकडे शेणामातीची मैदाने गेली आणि त्यांच्या जागी सिमेंटवर रंग दिलेली कठीण मैदाने आली. ती राखायला सोपी असतात, त्यांना रोज पाणी मारावे लागत नाही, आणि पावसाळ्यानंतर ती लवकर वापरात येतात. त्यांवर वाढलेल्या मुलांना घसरत चेंडू गाठण्याची सवय परदेशी जाऊन लावून घ्यावी लागते. प्रवास, प्रशिक्षक आणि महिनोन्महिन्यांचा मुक्काम यांचा खर्च पुष्कळदा घरचाच असतो. पॅरिसच्या एकेरीत भारतीय नाव क्वचित दिसते, याचे एक कारण इथे आहे. १९७९ मध्ये रमेश कृष्णनने कुमारांचे एकेरी विजेतेपद मिळवले. १९९७ मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकून भारताला पहिले मोठे विजेतेपद दिले. त्यानंतरही तिथे भारतीयांनी चषक उचलले, पण ते दुहेरीचेच.

विद्यापीठांच्या स्पर्धेला पंधरा हजारांची गर्दी नसते. दूरच्या चाहत्यासाठी असतात ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बदलणारे आकडे, पंधरा, तीस, चाळीस, आणि मधली थांबलेली मिनिटे. चेंडू रेषेवर पडला की बाहेर, मुलगी दमली आहे की नाही, हे त्या आकड्यांवरूनच ताडायचे. वैष्णवीच्या उपांत्य सामन्यात पहिला सेट ६-२ असा तिच्या नावावर लागला. स्लोव्हाकियाच्या एस्टर मेरीने दुसरा ६-४ घेतला. नर्मदेवर तेव्हा पावसाळा होता आणि तिलवाऱ्याच्या खालच्या पायऱ्यांवर पाणी चढण्याचे दिवस होते. तिसरा सेटही ६-४ असाच मेरीकडे गेला. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही त्या स्पर्धेत कांस्यपदक देतात. त्यांतले एक पुण्यास आले.