चवीचा निवाडा

नमुना तळहातावर घेऊन पारखण्यात आपणां व्यापाऱ्यांची हयात गेली. परंतु शिजलेल्या भातावरून वाद उपस्थित झाला तर निवाडा कसा व्हावा? गतवर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाने 'चव बदलली' म्हणून ४० पोती नाकारली. पूर्वीच्या मालाचा नमुना पेढीवर शिल्लक होता. चिरंजीवांनी त्रिकोणी चाचणी सुचविली. प्रत्येकासमोर ३ वाट्या. दोहोंत एकच भात, तिसरीत दुसरा. क्रम दर वेळी निराळा. वेगळी वाटी ओळखावयाची. न ओळखल्यास अंदाजाने तरी सांगावयाचीच. १२ जण बसले, ५ जणांनी अचूक ओळखली. मला वाटले, हरलो! पण डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरीने १२ पैकी चौघांचे खरे ठरते. ८ जणांचे उत्तर बरोबर आले असते तरच तो योगायोग नव्हे असे मानतात. तसे निव्वळ अंदाजाने घडण्याचा संभव शेकडा २ हूनही कमी. फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या आपल्या ग्रंथात चहाच्या ८ पेल्यांवरून असाच विचार मांडला होता; ४ पेल्यांत दूध आधी, ४ पेल्यांत मागाहून. सर्व पेले केवळ तर्काने ओळखण्याचा संभव ७० त १.

तथापि माल एकच होता, हे काही यावरून ठरत नाही. फरक सिद्ध झाला नाही, एवढेच. गिऱ्हाइकास मी तसेच कळविले. त्यांनी २० पोती ठेवून घेतली, २० परत आली.