साडेतीन हजार वाचक, एक पुस्तक

वसतिगृहाच्या खोलीत सामान टाकायचं आणि तास सुरू होण्याआधीच अनोळखी मुलामुलींच्या एका छोट्या गटात जाऊन बसायचं. बोलायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी आपापल्या घरी वाचलेल्या एकाच पुस्तकाबद्दल. त्याची परीक्षा नाही, त्याला गुण नाहीत. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाची सुरुवात अशी होते. भौतिकशास्त्र शिकायला आलेली मुलगी आणि व्हायोलिन शिकायला आलेला मुलगा पुढच्या चार वर्षांत कदाचित दुसरं एकही पुस्तक दोघं मिळून वाचणार नाहीत. म्हणून या एका पुस्तकाची निवड मला फार मोलाची वाटते.

निवडीचं काम बहुधा प्राध्यापक, ग्रंथपाल आणि काही विद्यार्थी यांच्या समितीकडे असतं. पुस्तक सुट्टीत वाचून व्हायला हवं, खिशाला परवडायला हवं. लेखक हयात असेल तर त्याला बोलावता येतं, त्यामुळे नव्या पुस्तकांचं पारडं जड होतं. कॉर्नेल विद्यापीठाने मात्र २००३ साली सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचं ‘अँटिगनी’ हे ग्रीक नाटक निवडलं. बहीण भावाचं दफन करायचं म्हणते, राजा मनाई करतो. अठराव्या वर्षी भांडायला याहून चांगला विषय कुठे मिळणार!

खरी कसोटी पुढेच असते. पुस्तकाला अनेक दारं हवीत. रेबेका स्क्लूट यांचं हेन्रिएटा लॅक्सवरचं, २०१० साली आलेलं पुस्तक कितीतरी विद्यापीठांनी निवडलं, ते यामुळेच. हेन्रिएटा ही तंबाखूच्या शेतात राबलेली कृष्णवर्णीय स्त्री, पाच मुलांची आई. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. तिला न विचारता काढून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. पोलिओची लस तपासायला त्या कामी आल्या, त्या आजही वाढताहेत. घरच्यांना मात्र वीसेक वर्षं याचा पत्ता नव्हता. जीवशास्त्राचा विद्यार्थी यात पेशीचं नवल बघतो, कायद्याकडे ओढा असलेली मुलगी विचारते की माझ्या शरीरातून काढलेली पेशी कोणाची, आणि इतिहासाचा विद्यार्थी वर्णभेदापाशी थांबतो. तिघांपैकी कोणा एकालाही सगळं पुस्तक एकट्याने उलगडत नाही.

आता २००२ ची गोष्ट. चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ही प्रथा १९९९ पासून होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिथे सुमारे साडेतीन हजार नव्या विद्यार्थ्यांसाठी मायकेल सेल्स यांचं कुराणातल्या सुरुवातीच्या काळातल्या सूरांचा, म्हणजे अध्यायांचा, अनुवाद आणि विवेचन असलेलं पुस्तक निवडलं गेलं. ते सुचवलं कार्ल अर्न्स्ट या धर्म-अभ्यासकाने. हे नाव आपल्याकडच्या अभ्यासकांना परकं नाही. वेरूळजवळच्या खुलताबादच्या सूफींवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला आहे. दख्खनच्या दर्ग्यांचा शोध घेणाऱ्या माणसाला त्या संतापाच्या वर्षी हे पुस्तक सुचावं, यात मला सुसंगती दिसते.

वादळ उठलं. सरकारी विद्यापीठ धर्मप्रचार करतंय, असा दावा घेऊन एक संघटना न्यायालयात गेली. आमदारांनी पैसे रोखण्याचा प्रयत्न केला. विद्यापीठाने एक वाट मोकळी ठेवली: ज्याला वाचायचं नाही, त्याने का वाचायचं नाही हे एका पानात लिहावं. मला ही तरतूद सगळ्यात सुंदर वाटते, कारण नकाराचंही कारण शोधायला लागणं हा विचारच आहे. न्यायालयाने चर्चा थांबवायला नकार दिला, अपील न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही, आणि ऑगस्टमध्ये मुलं गटागटाने बसून बोलली.

पुढच्या वर्षी समिती बिचकली नाही. तिने बार्बरा एरेनराइक यांचं ‘निकल अँड डाइम्ड’ घेतलं. वेट्रेस, सफाई कामगार अशी तुटपुंज्या पगाराची कामं लेखिकेने स्वतः करून त्यावर ते लिहिलं होतं. त्यावरही राजकीय प्रचाराचा आरोप झाला, आणि पुन्हा वाद पेटला.